चष्मा मोडलाय, जरा वाचून दाखवता?

१

मास्तरांनी कागद वाचायला घेतला तेव्हा टेबलावर चहाचे पाच कप भरलेले होते. वाचून संपला तेव्हाही भरलेलेच होते. पटकथेच्या वर्गात चहा असा गार होतो, तेव्हा एकतर फार चांगलं काहीतरी घडलेलं असतं किंवा फार वाईट.

खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची. एक लांब टेबल, डुगडुगणाऱ्या खुर्च्या आणि भिंतभर कॉर्कचा फळा. एका कार्डावर एक सीन लिहायचा, कार्ड फळ्यावर टाचायचं, गोष्ट अडली की कार्डांची अदलाबदल करायची, असं मास्तरांचं शिकवणं. मास्तरांनी स्वतः जन्मभर दुसऱ्यांचे चित्रपट दुरुस्त केले. अजूनही एखादी कंपनी त्यांच्याकडे सारांशाचा कागद पाठवायची, 'कुठं पंक्चर आहे तेवढं बघा' म्हणून. नावगाव नसलेला तो कागद मास्तर वर्गात वाचून दाखवायचे. तेवढीच पोरांना धंद्याची ओळख, असं म्हणायचे. पोरं कसली, वर्गात सगळ्यात धाकटा माणूस चौतीस वर्षांचा होता.

आजच्या कागदावरची गोष्ट अशी. एका ट्रकड्रायव्हरला वाचता येत नाही. वसतिगृहात शिकणाऱ्या मुलाचं पत्र त्याला येतं. ते खिशात घालून तो मुक्कामामागून मुक्काम करतो आणि भेटेल त्याला म्हणतो, 'चष्मा मोडलाय हो, जरा वाचून दाखवता?' मुलानं लिहिलेलं असतं, शाळेत येऊ नका, मला तुमची लाज वाटते. वाचणाऱ्यांपैकी एकाच्याही तोंडून ते वाक्य निघत नाही. जो तो त्या जागी काहीतरी गोड घालून मोकळा होतो. प्रत्येक जण वेगळं वाचतो, म्हणून बापाला शंका येते आणि तो पुढच्याला विचारतो. शेवटी टोलनाक्यावरचा एक कारकून भेटतो. तो जसं लिहिलंय तसं वाचतो.

"झकास आहे," मास्तर म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी आठवून ते थांबले.

फळ्याखाली बसलेला व्हॅनवाला उठला. शूटिंगचं सामान वाहणारी व्हॅन चालवणारा हा माणूस आठ महिने झाले तरी वर्गात मोठ्यानं बोलायला बिचकायचा.

"ही माझी आहे," तो म्हणाला. "माझ्या बापाची आहे. ते पत्र मी लिहिलं होतं."

२

आता या वर्गात चोरी शोधायची तर ती कुणी शोधायची, हे विचारावंसुद्धा लागलं नाही. सगळ्यांच्या माना नोंदबाईंकडे वळल्या.

नोंदबाईंनी तीस वर्षं शूटिंगवर कंटिन्युइटी सांभाळली होती. नटानं मागच्या शॉटमध्ये कप कुठल्या हातात धरला होता, पदर कुठल्या खांद्यावर होता, मेणबत्ती किती जळली होती, हे सगळं वहीत टिपून ठेवायचं काम. मोठमोठे दिग्दर्शक त्यांच्या वहीला दचकून असत. निवृत्त झाल्यावर 'आता आपण लिहावं' म्हणून त्या वर्गाला आल्या. आठ महिन्यांत त्यांनी दुसऱ्यांच्या गोष्टींतल्या शंभर चुका काढल्या. स्वतःचं कार्ड एकही टाचलं नव्हतं. मास्तरांनी विचारलं की म्हणायच्या, "चाललंय डोक्यात." मनातून त्यांना त्याची लाज वाटायची, पण ती त्यांनी कुणाला दिसू दिली नव्हती.

"बाई, छडा लावा," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "मीच याला म्हटलं होतं, गोष्ट पुरी झाली की लेखकांच्या संघटनेत नोंदवू, घाई काय आहे. दहा दिवसांनी याची गोष्ट ऐकायला एका निर्मात्याचा माणूस यायचाय. तीच गोष्ट दुसऱ्या कंपनीत आधीच पोचली असेल तर हा काय तोंड दाखवणार त्याला? गोष्टचोर हाच ठरेल!"

"कंपनीला विचारलंत?"

"आत्ता फोन करतो." मास्तर जिन्यात जाऊन फोन करून आले. "सोमवारशिवाय कुणी भेटत नाही."

नोंदबाईंनी वही उघडली. बरं वाटत होतं त्यांना, खोटं कशाला बोला. कितीतरी दिवसांनी त्यांची गरज पडली होती.

गोष्ट बाहेर कशी गेली ते उघड होतं. वर्गाची एक रीत होती, तिला 'जांभईचा गृहपाठ' म्हणत. एकानं वर्गात गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ती घरी जाऊन वर्गाबाहेरच्या माणसाला तोंडी सांगायची. ऐकणाऱ्याला जांभई जिथं आली तिथं गोष्ट ढिली, असं समजायचं. अट एकच, पहिलं वाक्य 'ही गोष्ट माझी नाही' असं असलं पाहिजे. तीन आठवड्यांपूर्वीचा गृहपाठ व्हॅनवाल्याच्या गोष्टीचा होता. ती सांगायला त्याला दोन शनिवार लागले होते.

"तुम्ही कुणाला सांगितलीत?" त्यांनी सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणजे इस्पितळात नोकरी करणारी परिचारिका, कमी बोलणारी बाई.

"सासऱ्यांना. दुसऱ्या मुक्कामाला झोपले ते. जांभईपर्यंतसुद्धा थांबले नाहीत."

"आणि पहिलं वाक्य?"

"सांगितलं की. ही गोष्ट माझी नाही, आमच्या वर्गातल्या भावाची आहे म्हणून."

वकील खिडकीशी बसला होता. जाड काचांचा चष्मा, बोलण्याआधी तो पुसायची सवय. "मी बायकोला सांगितली. पहिलं वाक्य म्हटलं. बायको म्हणाली, ते कळलंच मला, तुमची असती तर इतकी बरी नसती."

व्हॅनवाला सोडून सगळे हसले.

नोंदबाईंना मात्र पहिल्या वाक्याचं कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? तपास त्याच करत होत्या. त्यांनी आपणहून सांगितलं की मुलाला सांगितली. मुलगा एका स्टुडिओत चित्रपटांचं संकलन करायचा. आईच्या वर्गाची एरवी त्याला थट्टाच वाटायची, पण त्या संध्याकाळी जेवताना तो चमचा खाली ठेवून ऐकत राहिला होता. "भारी आहे, आई," म्हणाला होता. आणखीही काहीतरी विचारलं होतं त्यानं, पण तोवर त्या पाणी आणायला उठल्या होत्या.

"आमच्याकडे एकही जांभई नाही," त्या म्हणाल्या, आणि कागदाकडे वळल्या.

तेवढ्यात व्हॅनवाला म्हणाला, "एक सांगू का बाई? यातलं सगळं माझं आहे. फक्त तो मोडका चष्मा माझा नाही."

३

"असं कसं?" नोंदबाई म्हणाल्या. "चष्मा तर तुम्हीच सांगितला होता. 'चष्मा मोडलाय हो' हे त्याचं पालुपदच आहे."

"नाही बाई. माझा बाप म्हणायचा, डोळ्यात धूळ गेलीय. मीही तेच सांगितलं होतं. चष्मा त्याला कधी नव्हताच."

बाईंनी पानं उलटली. तीन आठवड्यांमागची नोंद त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात होती. *बहाणा: डोळ्यात धूळ.* चष्म्याचा पत्ताच नव्हता. क्षणभर त्यांना अवघडल्यासारखं झालं. तीस वर्षांत वहीशी त्यांची आठवण कधी भांडली नव्हती. पण मग तपासाला जोर चढला. चष्मा चोरानं घातला! गोष्ट चोरताना माणूस आपलं काहीतरी तिच्यात सोडून जातोच. तर या खोलीत चष्मा कुणाला सुचेल?

त्यांनी वर पाहिलं. वकील चष्मा पुसत होता.

मग काय, एकेक गोष्ट पटापट जुळत गेली. वकील कंपन्यांचे करार लिहायचा, म्हणजे त्याची तिथं ऊठबस. गेल्या महिन्यात त्यानं व्हॅनवाल्याकडे कार्डं मागितली होती, 'घरी निवांत वाचतो' म्हणून. आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीत कुणीतरी कसला ना कसला बहाणा करायचंच.

नोंदबाई उभ्या राहिल्या. शूटिंगवर चूक पकडली की त्या अशाच उभ्या राहायच्या, सगळ्या युनिटसमोर.

"वकीलसाहेब, हा चष्मा तुमचा आहे," त्या म्हणाल्या. एकेक मुद्दा त्यांनी बोटांवर मोजत सांगितला, आणि शेवटी, जे सांगायचं काही कारण नव्हतं तेही सांगितलं. "स्वतःला सुचत नसलं की माणसाचा हात दुसऱ्याच्या ताटात जातो. गरीब माणूस बघून केलंत हे. लाज वाटायला हवी होती."

वकिलाचे कान लाल झाले. व्हॅनवाल्यानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं इतकं वाईट होतं, की सिस्टरनं नजर खाली घातली.

वकिलानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "बाई, उलटतपासणी घ्यायला परवानगी आहे का?"

४

"या कागदात टोलनाक्यावरचा कारकून आहे," वकील सावकाश म्हणाला. "गोष्टीचा हा शेवट व्हॅनवाल्यांनी दुसऱ्या शनिवारी सांगितला. खरं ना?"

"खरं," व्हॅनवाला म्हणाला.

"शेवटची कार्डं फळ्यावर होती का कधी?"

"नाही. ती मी खिशात ठेवतो."

"पहिल्या शनिवारनंतर मी फोन करून शेवट विचारला होता. काय म्हणालात तुम्ही?"

"पुढल्या शनिवारी ऐका म्हटलं." व्हॅनवाल्याचा चेहरा बदलत चालला होता.

"आणि त्या दुसऱ्या शनिवारी मी कोर्टात अडकलो होतो. मी बायकोला अर्धीच गोष्ट सांगितली, बाई. तो कारकून मला आज पहिल्यांदा भेटला. वहीत बघा. तुम्ही हजेरीसुद्धा लिहिता."

वहीत होतंच. *वकील गैरहजर, कोर्ट.* डाव्या कोपऱ्यात, त्यांच्याच अक्षरात. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशांची नोंदबाईंनी जन्मभर टिंगल केली होती. आज वही हातात असून त्यांनी एक पान उलटायची तसदी घेतली नव्हती. "माझं चुकलं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेही टेबलाकडे बघून.

"टेबलाचं नाही, माझं नाव घेतलं होतंत तुम्ही," वकील म्हणाला.

खाली सायकलच्या चाकात कुणीतरी हवा भरत होतं. सिस्टरनं गार चहाचे कप गोळा करायला घेतले आणि करता करता, आवाज न चढवता, विचारलं.

"नोंदबाई, मला एक कळलं नाही. व्हॅनवाल्यादादांनी चष्मा सांगितला नाही. तुमच्या वहीत तो नाही. सासऱ्यांना गोष्ट सांगताना मीही धूळच म्हटलं होतं. मग चष्मा आधीपासून होता, असं फक्त तुम्हालाच कसं आठवलं?"

५

घर येईस्तोवर नोंदबाई त्या प्रश्नापासून पळत होत्या. पण घर फार लांब नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! घरात शिरल्यावर त्यांनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, सरळ कपाटाचा खण ओढला. नवऱ्याचा चष्मा होता तिथंच होता. उजवी दांडी मोडलेली, तिला पांढऱ्या दोऱ्याचे तीन वेढे. शेवटच्या वर्षात त्यांची नजर फारच अधू झाली होती, पण कबूल करायचे नाहीत. वर्तमानपत्र पुढं करून म्हणायचे, "चष्मा मोडलाय गं, जरा वाचून दाखव."

गोष्ट सांगता सांगता धुळीचं वाक्य त्यांना आठवलं नव्हतं. त्या रिकाम्या जागी हे येऊन बसलं, आणि इतकं चपखल बसलं की आधीपासून तिथंच होतं असं वाटू लागलं.

मुलगा आतल्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होता.

"तू ती पत्राची गोष्ट कुणाला दिलीस?"

इस्त्री थांबली. मग तो हसला, लहानपणी हसायचा तसा. "कळलं वाटतं! शी, सरप्राइज द्यायचं होतं तुला. कंपनीचे लोक संकलनाला आले होते, त्यांना एक पान लिहून दिलं. खूप आवडलंय त्यांना, आई. तुझं नाव घातलंय मी. लेखिका म्हणून."

त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. "माझं नाव."

"मग कुणाचं घालायचं? बाबांचा चष्मा आहे त्यात. मला ऐकतानाच रडू येत होतं. मी विचारलंसुद्धा तुला, ही गोष्ट तुझी का म्हणून."

"मी काय म्हटलं?"

"काही नाही. पाणी आणायला उठलीस." तो आता हसत नव्हता. "तू लाजलीस असं वाटलं मला. तुझी नाहीये?"

नोंदबाईंना सगळं दिसलं. कप कुठल्या हातात ते त्या विसरत नसत, मग हे कसं विसरतील? मुलानं चमचा खाली ठेवला होता. कितीतरी वर्षांत त्यानं आईच्या कशाचंच कौतुक केलं नव्हतं. 'ही गोष्ट माझी नाही' हे वाक्य त्यांनी सुरुवातीला म्हटलं नव्हतं, नंतर म्हणू असं ठरवलं होतं, आणि मग त्यानं विचारलं तेव्हा त्या उठल्या. आणि पाण्याचा जग टेबलावरच होता, काठोकाठ भरलेला. त्या स्वयंपाकघरात नळाशी रिकाम्या हातानं उभ्या होत्या आणि स्वतःशीच हसत होत्या.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "माझी नाहीये."

मुलगा मटकन पलंगावर बसला. "आई! आता मी त्यांना काय तोंड दाखवू? रोजचं काम आहे माझं त्यांच्याबरोबर."

"तू नाही दाखवायचंस," नोंदबाई म्हणाल्या. "इस्त्री बंद कर आधी, शर्ट जळेल."

६

सोमवारी त्या कंपनीत गेल्या. तिथल्या माणसानं उठून खुर्ची दिली, 'या, लेखिकाबाई' म्हणाला. त्या दोन शब्दांसाठी त्या आठ महिने वर्गाचा जिना चढत होत्या. त्यांनी उभ्यानंच लिहून दिलं की ही गोष्ट माझी नाही, मुलाचा यात दोष नाही, ज्याची आहे त्याचं नाव हे. माणसाचा चेहरा उतरला. "भानगडीची गोष्ट आम्हाला नको, बाई," तो म्हणाला, आणि मुलानं दिलेल्या कागदावरचं त्यांचं नाव खोडून त्यानं तो परत केला.

शनिवारी वर्गात सगळे आधीच येऊन बसले होते. येताना नोंदबाईंना वाटलं होतं, आजारी आहोत असं कळवावं. मग वाटलं, मास्तरांना एकट्याला गाठून सांगावं, मास्तर निभावून नेतील. पण वकिलावर आळ घेतला होता तो चारचौघांत.

त्या उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. घाबरल्यावर नुसते हातच नाही, आवाजही म्हातारा होतो हे त्यांना तेव्हा कळलं. मुलाला त्यांनी पाठीशी घातलं नाही, पण पुढंही केलं नाही. "चोर शोधायला मला सांगितलं होतंत," त्या म्हणाल्या. "सापडला. मी."

त्या वकिलासमोर गेल्या. "मी तुम्हाला नको ते बोलले. ते चूक होतंच, पण हलकटपणाचंही होतं. स्वतःला सुचत नाही ते माझं होतं, मी तुमच्या अंगाला चिकटवलं. माफ करा."

वकिलानं चष्मा काढला, पुसला. "आज जमणार नाही, बाई," तो सरळ म्हणाला. "पुढच्या शनिवारी विचारा." त्यांनी मान हलवली. तेवढं त्या त्याचं देणं लागत होत्याच.

मग व्हॅनवाला. कंपनीनं परत केलेला कागद त्यांनी त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो वाचला आणि घडी घालून खिशात घातला, जिथं शेवटची कार्डं असायची तिथं.

"मंगळवारी माणूस येतोय गोष्ट ऐकायला," तो म्हणाला. "मी त्याला धूळच सांगणार. चष्मा चांगला आहे बाई, माझ्या धुळीपेक्षा भारी आहे. पण तो तुमच्या घरातला आहे."

"घ्या हो तुम्ही. माझा काय उपयोग..."

"नको. माझ्या बापाची लाज वाटली म्हणून मी ते पत्र लिहिलं, आता त्याला दुसऱ्याचा चष्मा घालून कुठं फिरवू?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं असं नोंदबाईंना वाटलं.

नोंदणीची दिरंगाई मास्तरांच्याही मनाला लागली होती. त्या आठवड्यात स्वतः रांगेत उभं राहून त्यांनी व्हॅनवाल्याची गोष्ट नोंदवून आणली होती. ते उठले, कोऱ्या कार्डांचा गठ्ठा त्यांनी बाईंपुढं सरकवला. "पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी?"

नोंदबाईंना पाठ होतं. वहीच्या पहिल्या पानावर होतं ते. पात्राला लाज वाटली असं लिहू नका, लाज वाटलेला माणूस काय करतो ते लिहा.

त्या बसल्या. कार्ड लहानसंच, पण लिहायला बराच वेळ लागला. दोनदा त्यांनी खोडलं, कारण दोन्ही वेळा कार्डावरची आई होती त्यापेक्षा जरा बरी दिसत होती. लिहून झाल्यावर त्या टाचणी घेऊन फळ्याशी गेल्या आणि तिथंच थांबल्या. इतक्या महिन्यांनी पहिलं कार्ड, आणि ते असलं!

"वाचून दाखवा की," मागून व्हॅनवाला म्हणाला. "पण गोड करू नका. जसं लिहिलंय तसं."

नोंदबाई वळल्या. चौघंही त्यांच्याकडे बघत होते, वकीलसुद्धा. त्यांनी कार्ड डोळ्यांपासून जरा लांब धरलं आणि जसं होतं तसं वाचलं.

"संध्याकाळ. आई आणि मुलगा जेवतायत. मुलगा विचारतो, 'आई, ही गोष्ट तुझी?' आई पाणी आणायला उठते. पाण्याचा जग टेबलावर आहे. भरलेला आहे."